गिअरबॉक्सच्या कूलर लाइन गळतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. दरवर्षी बर्फ वितळला की ओळखीच्या मराठी घरांतून ड्राइव्हवेवरच्या लाल डागांचे फोटो यायला लागतात, आणि सोबत एकच प्रश्न: 'हे घरी दुरुस्त होईल का?' बहुतेक वेळा होतं. मी पेशाने मेकॅनिक नाही, पण जुन्या गाड्या पाळायचा नाद आहे आणि गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला नेणाऱ्या-आणणाऱ्या या लाइन आजवर चार गाड्यांच्या बदलल्या आहेत. पहिली चुकीची बदलली, ते पुढे येईलच.

लाल डाग म्हणजे गिअरबॉक्सचंच तेल का?

नेहमीच नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, बहुधा लाल रंगवलेलं असतं. पण कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच तेल असतं आणि काही कंपन्यांचं कूलंट गुलाबी-लाल येतं. डागाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाका. कूलंट पाण्यात विरघळतं, तेल वर तवंग धरतं. तेल निघालं तर आधी पॉवर स्टिअरिंगच्या डब्यातली पातळी बघा. ती जागेवर असेल तर संशय गिअरबॉक्सवर. जुनं एटीएफ लाल राहत नाही, कोऱ्या चहासारखं दिसतं, म्हणून 'तपकिरी आहे म्हणजे इंजिन ऑइल' असं लगेच ठरवू नका. उन्हाळ्यात एसी लावल्यावर जे ठिबकतं ते साधं पाणी. त्याचेही फोटो येतात.

या लाइन करतात तरी काय?

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, त्यात तेल सतत घुसळलं जातं आणि तापतं. ते तेल एका लाइनने पुढे रेडिएटरकडे जातं, तिथल्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरतं आणि दुसऱ्या लाइनने परत येतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना रेडिएटरच्या पुढे आणखी एक वेगळा कूलर असतो. गाडी चालू असेपर्यंत हे तेल फिरत असतं. लाइनमधला दाब ब्रेकच्या मानाने किरकोळ, सहसा १०० पीएसआयच्या आत. घरी दुरुस्ती शक्य होते ती त्यामुळेच.

पुण्यात आई-बाबांची ऑटोमॅटिक गाडी आहे. तिलाही या लाइन असतील का?

एएमटी असेल तर नाही. भारतातल्या बऱ्याच लहान 'ऑटोमॅटिक' गाड्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या मोठ्या गाड्यांत कूलर असतो, पण कित्येकदा तो गिअरबॉक्सच्या अंगावरच बसवलेला असतो आणि त्याच्याकडे तेलाच्या नव्हे, कूलंटच्या नळ्या जातात. तिथून गळलं तर पडतं ते कूलंट. पुण्यात गंजाचा त्रास तसा कमी. रत्नागिरी-मालवणला खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं पोट मात्र अधूनमधून वाकून बघावं.

दोन-चार थेंबच पडतात. तेल टाकत राहिलो तर?

रबराच्या जोडातून थेंब पडत असेल तर पातळी सांभाळत काही आठवडे निघतात. लोखंडी नळी गंजून ओली झाली असेल तर एक दिवसही काढू नका. गंजलेली नळी हळूहळू जास्त गळत जाईल असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात ती एखाद्या सकाळी, तेल थंड आणि दाट असताना, एकदम फुटते. मग हायवेवर काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा होतो. आतल्या क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबानेच आवळल्या जातात. तेल कमी पडलं की त्या घसरतात, जळतात, आणि शंभरेक डॉलरचं काम काही हजारांवर जातं.

'डी'मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग हलते, किंवा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं व्हायला लागलं असेल तर गाडी तिथेच उभी करा.

आणखी एक भीती आगीची. तापलेल्या एक्झॉस्टवर एटीएफची चिळकांडी उडाली तर ते पेटू शकतं. शेजारच्या लिव्होनियात जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा अख्खा कारखाना १९५३ च्या ऑगस्टमध्ये जळून खाक झाला, तोही गॅसच्या ज्योतीच्या टॉर्चच्या ठिणगीने. म्हणून गाडीखाली गॅसची ज्योत नेऊ नका. जाम नट तापवायचा मोह कितीही होवो.

नेमकं कुठून गळतंय हे कसं शोधायचं?

याला सर्वांत जास्त वेळ द्या. तेल जिथे ठिबकतं तिथून ते क्वचितच गळत असतं. वारा ते मागे ढकलतो, लाइनच्या उतारावरून ते ओघळत जातं आणि भलत्याच नटाच्या टोकाशी लोंबतं. मी एकदा गिअरबॉक्सच्या पॅनचं गॅस्केट बदलून बसलो होतो. गळती होती त्याच्या तीन फूट पुढे, रेडिएटरच्या फिटिंगला.

आधी सगळं धुऊन काढा. ब्रेक क्लीनर मारा, फडक्याने पुसा, सुकू द्या. मग खाली पुठ्ठा अंथरून इंजिन दहा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सर्वांत उंचावरची ओली जागा ती गळती. नाहीच कळलं तर एटीएफमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून दोन दिवस गाडी चालवा आणि अंधारात जांभळ्या दिव्याने बघा, ओघळ हिरवट-पिवळा चमकतो.

नेहमीच्या जागा अशा. लाइनमध्ये रबर आणि धातू जिथे दाबून जोडलेले असतात तो जोड; माझ्या अनुभवात पहिला आरोपी हाच. रेडिएटरपाशी क्विक कनेक्ट फिटिंगच्या, म्हणजे नळी ढकलून अडकवायच्या जोडाच्या, आतली ओ-रिंग (रबरी कडी). लोखंडी नळी चापात धरलेली असते ती जागा, कारण चापाच्या आत मिठाचा चिखल महिनोन्महिने ओला राहतो. आणि नळी इंजिनखालच्या चौकटीला किंवा दुसऱ्या नळीला घासते तिथे पडलेलं बारीक भोक. चाप सोडवून त्याच्या आत बघितल्याशिवाय लाइनला निर्दोष ठरवू नका.

कडाक्याच्या थंडीतच गळतं, गाडी तापली की थांबतं. असं का?

दाबून बसवलेल्या जोडातलं रबर वयाने कडक होतं. उणे पंधरा-वीस अंशांत ते आणखी आकसतं, त्यात थंड दाट तेलामुळे सुरुवातीचा दाबही जास्त. तापल्यावर रबर फुगतं आणि जोड तात्पुरता बंद होतो. एप्रिलमध्ये गळती 'आपोआप बरी झाली' म्हणून खूश होणारे लोक नोव्हेंबरात पुन्हा फोन करतात.

इथल्याच गाड्यांना एवढा गंज का?

मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहूनही खोल, मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनची. तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमधला हायड्रामॅटिक, तोही याच गावचा. म्हणजे गिअरबॉक्स इथलाच आणि त्याच्या नळ्या खाणारं मीठही इथलंच. टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या मित्रांना हा लेख वाचून नवल वाटेल. त्यांच्याकडे बहुतेक वेळा फक्त रबराचा जोड जातो.

गळका भाग कापून रबरी नळी घातली आणि क्लॅम्प आवळला तर चालेल का?

चालेल, पण तीन अटी पाळल्या तर. मी पहिल्यांदा तिन्ही मोडल्या होत्या. दुकानातून इंधनाची रबरी नळी आणली, गुळगुळीत कापलेल्या लोखंडी टोकांवर चढवली, साधे भोकांचे क्लॅम्प पिळले. ड्राइव्हवेत एक थेंब नाही. नवव्या दिवशी हायवेला लागलो आणि आरशात निळसर धूर दिसला. एका बाजूचं रबर सरळ निसटून आलं होतं. तेल एक्झॉस्टवर पडत होतं, पेटलं नाही हे नशीब. टो ट्रकच्या पैशांत दोन नव्या लाइन आल्या असत्या.

पहिली अट, नळी ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचीच हवी. तिच्या अंगावर 'एसएई जे१५३२' असं छापलेलं असतं. पेट्रोलची नळी गरम एटीएफमध्ये कडक होऊन चिरते.

दुसरी अट, आणि सगळे विसरतात ती हीच: धातूच्या टोकाला फुगीर कडं हवं. फ्लेअर टूल, म्हणजे नळीचं टोक पसरवायचं हत्यार, त्याने डबल फ्लेअर (दोन टप्प्यांत पसरवणं) करताना पहिल्या टप्प्यात टोक जरासं फुगतं. तिथेच थांबायचं. त्या कड्यावरून रबर चढवायचं, इंचभर तरी आत, आणि क्लॅम्प कड्याच्या मागे आवळायचा, कड्यावर नाही. मग रबर मागे सरकूच शकत नाही. गुळगुळीत नळीवर जगातला कुठलाही क्लॅम्प भरवशाचा नाही.

तिसरी अट क्लॅम्पची. फ्युएल इंजेक्शनचे म्हणून मिळतात ते, आतून गुळगुळीत पट्टीचे. भोकांच्या पट्टीचे क्लॅम्प रबरात रुततात आणि ते कापतात.

रबराचा तुकडा शक्य तितका आखूड ठेवा आणि एक्झॉस्टपासून लांब.

मग तुकडा घालू की अख्खी लाइन बदलू?

दाबलेला जोड गेलाय आणि बाकी नळी चकचकीत आहे, तर जोड कापून वरच्या पद्धतीने रबर घालणं पुरेसं. नळीला पापुद्रे सुटलेत, नखाने खरवडल्यावर गंज पडतो, तर अख्खी बदला. गंजलेल्या नळीला फ्लेअर टूल लावलं की ती तिथेच चिरते, मग आणखी मागे कापायचं, तिथेही चिरते. आपल्या गाडीच्या वर्षाप्रमाणे वाकवून आलेली तयार जोडी मिळत असेल तर तीच घ्या. दोन्ही लाइन एकदम बदला. एक गंजली तर तिची जुळी बहीण कितीशी मागे असणार?

तयार लाइन मिळत नाही. स्वतः करता येईल का?

येते, आणि मला हेच काम सर्वांत आवडतं. निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी गुंडाळीत मिळते. ती गंजत नाही आणि हाताने वळते. माप जुन्या नळीचं बाहेरून घ्या: सहसा ५/१६ किंवा ३/८ इंच. जुनी लाइन मोडू न देता काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्याकडे बघत नवी वळवा. छोट्या वळणाला नळी वाकवायचं साधं हत्यार वापरा, नाहीतर ती चेपते. नट आधी ओवा, मग फ्लेअर करा. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय, तरी दर वेळी एकदा चुकतोच. जुने चाप पुन्हा लावा. मोकळी लोंबणारी नळी कंपनाने तुटते.

नळकामाची तांब्याची नळी, कॉम्प्रेशन फिटिंग, एपॉक्सी, बाटलीतलं 'लीक स्टॉप'?

तांबं नको, कंपनाने कडक होऊन तडकतं. कॉम्प्रेशन फिटिंगने काहींची वर्षं निघाली आहेत, पण तापून-निवून त्यातून नळी सरकलेली मी पाहिली आहे, म्हणून फ्लेअरचा जोडच बरा. तेलकट धातूवर एपॉक्सी धरत नाही. बाटलीतलं औषध आतले रबरी सील फुगवतं. लोखंडातल्या भोकाला त्याचा उपयोग शून्य.

हत्यारं कोणती लागतात?

दोन मजबूत जॅक स्टँड, चाकांना अडसर, फ्लेअर नटचा पाना, दुसरा धरायला साधा पाना, नळी कापायचं कटर, फ्लेअर टूल, बारीक आकडा, रुंद ट्रे, लांब नरसाळं, चष्मा, भरपूर चिंध्या. इथली पार्ट्सची दुकानं फ्लेअर टूल अनामत घेऊन काही दिवस वापरायला देतात, विकत घ्यायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली पाच सेकंदही जायचं नाही. उतार असलेल्या ड्राइव्हवेतही नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये राहत असाल तर आधी भाडेकरार वाचा. तिथे हे काम बहुधा चालत नाही.

क्विक कनेक्ट फिटिंग सुटतच नाही.

जनरल मोटर्सच्या पद्धतीचं असेल तर आधी प्लास्टिकची टोपी नळीवरून मागे सरकवा. आत तारेचा चाप दिसेल. आकड्याने त्याचं एक टोक उचकटा आणि बोट लावून धरा, नाहीतर तो उडून जन्मात सापडत नाही. मग नळी सरळ ओढा. इतर काही कंपन्यांच्या फिटिंगला मापाची प्लास्टिकची चकती आत ढकलावी लागते, ती स्वस्तात मिळते.

बसवताना नवा चाप आधी फिटिंगवर चढवा, नळीच्या टोकाला नवं एटीएफ चोळा आणि सरळ ढकला. 'टक्' ऐकू आलं पाहिजे. मग ओढून बघा. टोपी पूर्ण बसत नसेल तर नळी आत गेलेली नाही. ती टोपी शोभेची नाही, तुमचा पंच आहे.

रेडिएटरचा नट जाम आहे.

आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सोडवताना दोन पाने लावा: एक नळीच्या नटाला, दुसरा रेडिएटरच्या फिटिंगला घट्ट धरून. फिटिंग स्वतः फिरली तर आतला कूलर टाकीतून ढिला होतो, आणि मग रेडिएटर बदलावा लागतो. लाइन बदलायचीच असेल तर ती नटाजवळ कापून टाका. मग नटावर सहा कोनांचा सॉकेट पूर्ण बसतो, कोपरे झिजत नाहीत. नवा नट आधी बोटांनी चार-पाच आटे जाऊ द्या. सुरुवातीलाच अडकला तर आटे तिरके धरलेत, मागे या.

तेल कोणतं आणि किती?

मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डेक्सरॉन ६, मर्कॉन, एटीएफ प्लस ४, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१ ही एकमेकांची भावंडं नाहीत. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, त्याचं तेल तर वेगळंच.

किती, याचा सोपा उपाय: ट्रेमध्ये पडलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवं भरा. आधी गळून गेलेलं त्यात धरलेलं नसतं, म्हणून पातळी तपासायचीच. ती बहुतेक डिपस्टिकवाल्या गाड्यांत सपाट जागेवर, तेल तापलेलं आणि इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात उलट: इंजिन तापवून बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. इंजिन ऑइलच्या सवयीने सगळीकडे बंद इंजिनवर बघितलं की पातळी खोटी उंच दिसते आणि तेल कमीच राहतं.

डिपस्टिकच नसेल तर गिअरबॉक्सच्या कुशीला किंवा तळाला तपासणीचा बोल्ट असतो. तेल ठरावीक तापमानाला, कुठे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, कुठे ५०, आलं की तो उघडायचा आणि बारीक धार थेंबांवर आली की बंद करायचा. तापमान वाचायला स्कॅनर हवा, आणि गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. हे जमणार नसेल तर लाइन घरी बदला आणि पातळीपुरतं ओळखीच्या गॅरेजला जा. त्यात कमीपणा नाही. जास्त भरू नका. जास्तीचं तेल आत फेसाळतं आणि फेसाला दाब धरत नाही.

रेडिएटरच्या झाकणाखाली गुलाबी लस्सीसारखं काहीतरी आहे.

गाडी सुरू करू नका. ही लाइनची गळती नाही. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून तेल आणि कूलंट मिसळलेत. २००५ ते २०१० च्या काळातल्या निस्सानच्या पाथफाइंडर, फ्रंटियर, एक्सटेरा या तक्रारीसाठी प्रसिद्ध झाल्या होत्या, प्रकरण कोर्टातही गेलं. पाणी-ग्लायकोल लागलं की क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटतं. रेडिएटर बदलणं आलंच, आणि गिअरबॉक्स धुऊन वाचेल का हे गाडी किती चालली यावर. हे काम ड्राइव्हवेतलं नव्हे.

रस्त्यातच लाइन फुटली तर?

इंजिन ताबडतोब बंद. टो हाच खरा मार्ग. गळती रेडिएटरच्या टोकाला असेल आणि डिकीत योग्य नळी, क्लॅम्प, तेल असेल तर दोन्ही लाइनची पुढची टोकं एकमेकांना जोडून रेडिएटर वगळता येतो. तेल फिरतं, पण थंड होत नाही. हळू चालवत जवळच्या एक्झिटपर्यंत, बस. त्यावर घरी जायचं, मग उद्या ऑफिसला जायचं, हा मोह आवरा.

काम झालं. आता पुढे काय बघायचं?

गाडी जमिनीवर उतरवा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा, पातळी पुन्हा बघा. मग मैल-दोन मैल फिरवून या आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावा. डाग पडला तर तिथे. आठवडाभर रोज रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने काढून ठेवा, म्हणजे थेंब पडलाच तर कुठल्या जोडाखाली पडला ते कळतं. आधीचं साचलेलं तेल चापांतून दोन-तीन दिवस ठिबकतं, त्याने घाबरू नका.

निघालेलं तेल बंद बाटलीत भरून पार्ट्सच्या दुकानात द्या, बहुतेक ठिकाणी फुकट घेतात. कूलंट मिसळलेलं मात्र घेत नाहीत. ड्राइव्हवेवरच्या डागावर मांजरीच्या शी-शूसाठी मिळणारी कोरी माती (कॅट लिटर) पसरा, बुटाने रगडा आणि रात्रभर राहू द्या.